दाव्यांच्या टेबलावर नव्यानं बसणाऱ्यांसाठी

मी २००३ साली नागपुरात एका मोठ्या आयुर्विमा कंपनीत लागले. पहिली दोन वर्षं प्रीमियमच्या काउंटरवर काढली, मग दाव्यांच्या टेबलावर आले, ती अजून तिथेच आहे. दर वर्षी दोन-चार नवी मुलं-मुली येतात. परीक्षा देऊन, निवडून आलेली असतात. प्रशिक्षणात त्यांना कलमं शिकवतात, कॉम्प्युटरच्या स्क्रीन शिकवतात. समोरच्या खुर्चीत नवरा गेलेली बाई येऊन बसली की काय करायचं, हे कोणी शिकवत नाही. ते मी इथे लिहिते आहे. मृत्यूदाव्यांबद्दलच लिहीन. मॅच्युरिटीचं, म्हणजे मुदत संपलेल्या पॉलिसीचे पैसे देण्याचं, काम पंधरा दिवसांत हाताला बसतं, त्यासाठी माझी गरज नाही.

मोठ्या कंपनीत प्रत्येक कामाचे तुकडे पाडलेले असतात. पॉलिसी विकली काटोलच्या एजंटनं, प्रपोजल, म्हणजे विम्याचा अर्ज, तपासला एका टेबलानं, वैद्यकीय अहवाल पाहिला दुसऱ्यानं, हप्ते घेतले तिसऱ्यानं, आणि मोठ्या रकमेच्या दाव्याचा निर्णय होतो वेगळ्याच इमारतीत. अख्खी केस पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणाच्याच डोळ्यांसमोर नसते. खुर्चीत बसलेल्या बाईसाठी मात्र हे सगळं मिळून एकच काम असतं. तिच्यासाठी अख्खी केस बघणारा एक माणूस ऑफिसात असायलाच हवा, आणि तो दाव्याच्या टेबलावरचाच असू शकतो.

मला हे उशिरा कळलं. २००६ चा पावसाळा होता. कुहीकडच्या एका खेड्यातून एक बाई एसटीनं यायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी मृत्यूचा दाखला मागितला. दुसऱ्यांदा आली तेव्हा बँकेचं पासबुक. तिसऱ्यांदा पासबुक बघितलं तर त्यावरचं नाव आणि पॉलिसीतलं नाव जुळेना, म्हणून ती एकच असल्याचा कागद मागितला. तिन्ही वेळा मी नियमाला धरून होते. स्क्रीन पुढचा कागद मागायची, मी तो मागायचे. चौथ्या वेळी तिचा भाऊ आला. म्हणाला, “ते आता नाही येऊन राहिली मॅडम. रोवणं चालू आहे, एका खेपेत दिवस बुडते. काय काय लागते ते एकदाच सांगून द्या ना.” मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे सगळी यादी लिहून दिली. आठवड्यात सगळे कागद आले. पोळ्याच्या सुमारास पैसे जमा झाले, पण तोवर तिनं जोडीतला एक बैल विकला होता.

त्या दिवसापासून माझा एकच नियम आहे: जे काही लागणार ते सगळं पहिल्या भेटीत, कागदावर लिहून द्यायचं. खाली जे सांगते आहे ते सगळं हे जमावं म्हणून.

आधी फाइल, मग बोलणं

पहिल्या भेटीतच पूर्ण यादी द्यायची तर फाइल आधी पूर्ण वाचावी लागते. पॉलिसी नंबर घ्या, माणसाला बसवा, पाणी द्या आणि दहा मिनिटं मागून घ्या. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. गणेशपेठ बसस्थानकावरून चालत आलेल्या माणसाला कूलरसमोरची दहा मिनिटं जड होत नाहीत.

वाचण्याचा क्रम मी असा ठेवते. पहिल्यांदा तारखा: पॉलिसी सुरू कधी झाली, शेवटचा हप्ता कुठवर भरला आहे, मधे बंद पडून पुन्हा चालू केली होती का, मृत्यू कधी झाला. या चार तारखा एका ओळीत कागदावर लिहा. निम्मा निर्णय तिथेच दिसतो. हप्ता चुकला असला तरी घाईनं ‘लॅप्स’, म्हणजे पॉलिसी बंद पडली, असं म्हणू नका. मासिक हप्त्याला पंधरा दिवसांची आणि तिमाही, सहामाही, वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते. त्या दिवसांत मृत्यू झाला असेल तर थकलेला हप्ता वजा करून पूर्ण दावा देय असतो. सवलतही उलटून गेली असेल तर किती वर्षांचे हप्ते भरले आहेत ते बघा, पेड-अप, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी झालेली, रक्कम निघते का ते तपासा. स्क्रीनवर लाल अक्षरात एक शब्द दिसला म्हणून काउंटरवरून माणूस परत पाठवलेला मी पाहिलाय, आणि दोन वर्षांनी त्याच पॉलिसीवर पैसे निघालेलेही पाहिलेत.

मग नॉमिनी कोण ते बघा. नॉमिनी अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असेल तर त्याच्या वतीनं पैसे घ्यायला कुणाला नेमलं आहे ते बघा. पॉलिसी कुठल्या बँकेकडे गहाण तर नाही? घरकर्जासाठी असाइन केलेली असेल तर पैशावर पहिला हक्क बँकेचा, हे बाईला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. तिनं मनात हिशेब मांडल्यावर महिन्यानं सांगू नये. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली काढलेली पॉलिसी असेल तर उलट आहे, ते पैसे बायको-मुलांचेच, सावकाराला किंवा बँकेला त्यावर हात टाकता येत नाही. अशा पॉलिसी कमी असतात, पण असतात, आणि घरच्यांना ते ठाऊक नसतं.

अपघाताचा फायदा, म्हणजे अपघाती मृत्यूला मिळणारी जादा रक्कम, पॉलिसीत घेतला होता का तेही बघा. आणि त्याच नावाच्या, त्याच जन्मतारखेच्या दुसऱ्या पॉलिसी शोधा. हा शोध कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही, पण मी तो प्रत्येक वेळी घेते. डब्यात सापडलेली पॉलिसी घेऊन लोक येतात. न सापडलेलीबद्दल त्यांना माहीतच नसतं. कोराडीच्या एका कामगाराच्या घरून एका पॉलिसीसाठी माणसं आली होती. शोधल्यावर तीन निघाल्या, त्यातली एक लग्नाआधीची, आईच्या नावानं.

समोर कोण बसलंय

बहुतेक वेळा बाईबरोबर दीर किंवा भाऊ येतो आणि तोच बोलतो. त्याला मान द्या, पण प्रश्न बाईला विचारा. “ताई, खातं तुमच्या एकटीच्या नावावर आहे का?” हा प्रश्न तिच्याकडे बघूनच विचारायचा. खातं तिचं एकटीचं नसेल तर उघडायला सांगा, आणि का ते सगळ्यांसमोर सांगा: रक्कम नॉमिनीच्या खात्यात जाते, कंपनीचा नियमच तसा आहे. नियम तुमच्या तोंडून आला की घरात तिला वाद घालावा लागत नाही.

‘डेथ क्लेम’, ‘लाइफ अश्युअर्ड’, ‘डिसीज्ड’ हे शब्द फाइलीत राहू द्या. काउंटरवर ‘तुमचे मालक’ किंवा ‘भाऊ’ म्हणा, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन आदरानं बोला. लोक पॉलिसीचं कव्हर हातात घट्ट धरून बसतात, ते ओढून घेऊ नका. मागा आणि बघून झालं की परत द्या. मूळ कागद जमा करून घ्यायचा असेल तर पोच देऊनच घ्या.

पोच हा मोठा विषय आहे. जो कागद घ्याल त्याची त्याच दिवसाची, शिक्क्याची पोच द्या. इरडाच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०२४ च्या नियमांनुसार चौकशीची गरज नसलेला मृत्यूदावा पंधरा दिवसांत आणि चौकशीचा पंचेचाळीस दिवसांत निकाली काढायचा असतो. उशीर झाला तर बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज द्यावं लागतं. दिवस मोजायचे कुठून, हे पोच सांगते. काही नवी मुलं कागद ड्रॉवरमध्ये ठेवून देतात आणि सगळे जमले की एकदम आवक करतात. तसं करू नका. त्यात दिवस आपले वाचतात आणि त्या घराचे जातात.

मृत्यूचा दाखला

नागपुरातल्या टेबलाला हा भाग सगळ्यात जास्त शिकावा लागतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, पलीकडे छिंदवाडा, बालाघाट, सगळीकडचे गंभीर रुग्ण मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा खासगी दवाखान्यांत नागपुरात येतात. मृत्यू इथे होतो, अंत्यसंस्कार गावी. घरचे गावी जाऊन ग्रामपंचायतीत दाखला मागतात, ग्रामसेवक म्हणतो आमच्याकडे नोंद नाही. बरोबरच आहे त्याचं. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. नागपुरात झाला तर महापालिकेकडे. १९६९ च्या कायद्यानुसार नोंद एकवीस दिवसांत करायची असते, दवाखान्यात झाला असेल तर दवाखाना कळवतो. तुम्ही यादीत नुसतं ‘मृत्यूचा दाखला’ लिहू नका. ‘नागपूर महापालिकेचा मृत्यूचा दाखला’ असं लिहा, कुठल्या झोनला जायचं ते विचारून ठेवा आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढायला सांगा. बँक, पेन्शन, सातबारा, सगळीकडे लागतात.

दाखल्यावरचं नावही तिथेच, बाईसमोर, पॉलिसीशी ताडून बघा. रात्री दोन वाजता दवाखान्यात भरती करताना सोबतच्या माणसानं घरातलं हाकेचं नाव सांगितलेलं असतं आणि तेच केस पेपरवरून दाखल्यावर चढतं. त्याच कायद्याच्या कलम १५ नुसार निबंधकाकडे अर्ज करून चूक दुरुस्त करून मिळते. केस पेपर ताजे आहेत तोवर हे लवकर होतं.

नावांचा घोळ आपल्याकडे बायकांच्या बाबतीत फार. पॉलिसी लग्नाआधी काढली तर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकात ‘बाई’ लागलेलं, शाळेच्या दाखल्यावर चौथंच. मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं. यातला प्रत्येक फरक वेगळा कागद मागतो: कुठे विवाह नोंदणीचा दाखला पुरतो, कुठे ‘मी तीच’ असं प्रतिज्ञापत्र लागतं, कुठे राजपत्र. बाईचे सगळे कागद टेबलावर एका रांगेत मांडा, सगळी नावं एका कागदावर एकाखाली एक लिहा, मग कुठला एकच कागद सगळे फरक भरून काढेल ते ठरवा. बहुतेकदा असा एक कागद निघतो. वेगवेगळे मागत बसलं तर तीन खेपा ठरलेल्या.

पासबुकात बघायच्या दोन ओळी

पासबुक हातात आलंच आहे तर मागचा मे महिना काढा. गेलेल्या माणसाचं पासबुकही मागून घ्या. मे अखेरीस ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, दोन लाखांची. वीस रुपये कापलेले दिसले तर सुरक्षा विमा योजना, अपघाताची, तीही दोन लाखांची. बँकेतल्या कुणीतरी जनधन खात्याबरोबर फॉर्म भरून घेतलेला असतो, घरच्यांना पत्ता नसतो. (२०२२ च्या जूनपूर्वीच्या नोंदी ३३० आणि १२ रुपयांच्या दिसतील.) हे दावे बँकेमार्फत होतात. तुमच्या टेबलाचं ते काम नाही, तुमच्या आकड्यांत ते दिसणारही नाही. तरीही सांगा.

बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत नोकरीला असताना माणूस गेला असेल तर पीएफ कापला जात होता का विचारा. पीएफच्या सभासदाला ईडीएलआय नावाचा विमा आपोआप असतो, त्यात सात लाखांपर्यंत मिळू शकतात, अर्ज पीएफ ऑफिसात. आणि शेतकरी सापानं, विजेनं, अपघातानं गेला असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच पाठवा. अर्जाची मुदत थोडी असते, म्हणून मी ही ओळ यादीत सगळ्यात वर लिहिते.

साहेब कधी कधी म्हणतात, ही सगळी आपली कामं नाहीत. मला ते पटत नाही. विमा या शब्दाखाली जे काही त्या घराला मिळायचं आहे ते कुठे आहे, हे या शहरात दाव्याच्या टेबलापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार?

आत्महत्या

हे सावकाश वाचा.

विदर्भात तुम्ही या टेबलावर बसणार आहात म्हणजे अशी फाइल येणारच. बऱ्याचदा फाइल येतच नाही, कारण घरचे धरून चालतात की आत्महत्या केली म्हणजे विमा बुडाला. गावात सगळे तेच सांगतात. नियम वेगळा आहे. पॉलिसी सुरू झाल्यापासून, किंवा बंद पडून पुन्हा चालू केली असेल तर तेव्हापासून, बारा महिने उलटून गेले असतील तर आत्महत्या असली तरी मूळ विम्याचा दावा देय असतो. बारा महिन्यांच्या आत असेल तर भरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग परत मिळतो. अपघाताचा जादा फायदा यात मिळत नाही, एवढंच.

नरखेडकडून एक मुलगा आला होता, वडिलांची पॉलिसी घेऊन. वय असेल एकोणीस-वीस. कारण विचारलं तर म्हणाला पोटदुखी. पोलिसांचे कागद विचारले तर म्हणाला नाहीत. दोनदा विचारल्यावर उठून जायला लागला. मी त्याला थांबवलं आणि एवढंच म्हटलं की, बाळा, वडील कसे गेले यावरून इथे कोणी त्यांना नाव ठेवणार नाही, आणि पॉलिसी सात वर्षांची आहे, पैसे मिळतात. तो पुन्हा बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग पिशवीतून पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल काढला. कागद त्याच्याजवळच होते. ते दाखवले तर पैसे जातील असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

तेव्हापासून अशा वेळी मी आधी नियम सांगते आणि मग कारण विचारते. तुम्हीही क्रम हाच ठेवा. आधी कारण विचारलं तर माणूस खोटं बोलायला भाग पडतो, ते खोटं फाइलीत चढतं, आणि देय असलेला दावा त्या खोट्यापायी अडकतो. विषबाधेत व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले शरीराच्या आतले अवयव, राखून ठेवलेला असेल तर प्रयोगशाळेच्या अहवालाला वेळ लागतो, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाका, म्हणजे दर आठवड्याला चक्कर पडत नाही.

तीन वर्षांच्या आतला दावा

विमा कायद्याचं कलम ४५ पाठ करा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ते असं आहे: पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कुठल्याही कारणानं तिच्यावर प्रश्न उपस्थित करता येत नाही. तीन वर्षं पॉलिसी दिल्याच्या, जोखीम सुरू झाल्याच्या, पुन्हा चालू केल्याच्या किंवा रायडर (जादा फायद्याचं कलम) जोडल्याच्या तारखेपासून मोजायची, जी सगळ्यात उशिराची असेल तिथून. त्याआधीचा दावा असेल तर चौकशी होते.

चौकशीला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा, तुम्ही चोर पकडायला निघालेले नाही. प्रपोजल फॉर्ममध्ये लिहिलेलं खरं होतं का, एवढंच बघायचं. मधुमेह लपवला असं दवाखान्याच्या केस पेपरवरून वाटलं तर तो कधी निदान झाला ती तारीख शोधा. फॉर्म भरल्यानंतर निदान झालं असेल तर लपवण्याचा प्रश्नच येत नाही. आणि फॉर्म कुणी भरला ते विचारा. खेड्यात फॉर्म एजंटच्या हातचा असतो, खाली सही किंवा अंगठा तेवढा माणसाचा. ‘तुम्हाला कुठला आजार आहे का’ हा प्रश्न त्या माणसापर्यंत पोचला तरी होता का? हे टिपणीत लिहा. निर्णय वरचे घेतील, पण त्यांच्यापुढे हे यायला हवं.

खोटे दावेही येतात. माणूस आजारी पडल्यावर घाईघाईनं काढलेली पॉलिसी, जिवंत माणसाचा मृत्यूचा दाखला, हे मी पाहिलंय. तिथे कडक राहा. तो पैसा हप्ते भरणाऱ्या सगळ्यांचा असतो.

टिपणी कशी लिहायची

मोठ्या ऑफिसात तुमची खरी सत्ता तुमच्या टिपणीत असते. वरच्या अधिकाऱ्यानं ती बाई पाहिलेली नसते, पाहणारही नाही. त्याच्या टेबलावर अशा चाळीस फाइली असतात. पहिली ओळ निर्णयाची लिहा: ‘दावा देय आहे, कारण पॉलिसीला साडेचार वर्षं झाली असून मृत्यूच्या दिवशी ती चालू होती.’ मग त्या चार तारखा. मग काही खटकणारं असेल तर ते स्वतःहून लिहा आणि ते का आड येत नाही हे पुढच्याच ओळीत लिहा. अधिकाऱ्याच्या मनात जी शंका येणार तिचं उत्तर खालीच मिळालं की फाइल परत येत नाही. ‘योग्य त्या आदेशासाठी सादर’ एवढंच लिहून फाइल वर ढकलली तर ती कुठला तरी कागद मागत खाली येते, आणि तो कागद पुन्हा त्या बाईलाच आणावा लागतो.

एजंटांशी चांगलं राहा. घर कुणाचं, भांडण कशाचं, कुठल्या भावाला फोन करायचा, त्यांना सगळं माहीत असतं. पण सही नॉमिनीचीच, आणि ती तुमच्या समोर.

वाद असलेल्या घरात एक प्रश्न नेहमी येतो: नॉमिनी मालक की नुसता राखणदार? सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली सांगितलं होतं की नॉमिनी वारसांच्या वतीनं पैसे स्वीकारतो. २०१५ च्या दुरुस्तीनं आई-वडील, पती-पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभधारक ठरवलं. कोर्टाचा मनाई आदेश आलेला नसेल तर कंपनी नॉमिनीला देऊन मोकळी होते. तुम्ही भांडणात न्यायाधीश होऊ नका, एवढं सांगा आणि थांबा.

दावा नाकारला गेला तर पत्र पोस्टानं पाठवून सुटू नका. माणसाला बोलावून घ्या, कारण मराठीत समजावून सांगा, आणि पुढे कुठे जाता येतं ते कागदावर लिहून द्या: आधी कंपनीचाच तक्रार विभाग, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, तिथे पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, फी नाही, वकील लागत नाही, वर्षाच्या आत जायचं. आपल्याच कंपनीविरुद्ध रस्ता दाखवायचा, हे पहिल्यांदा जड जातं. मलाही गेलं. पण मी लिहून दिलेल्या कागदावर दोन घरांना पुढे पैसे मिळालेत.

बाकीचं थोडक्यात. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लायसेन्शिएट परीक्षा पहिल्याच वर्षी देऊन टाका, नंतर वेळ मिळत नाही. मार्चमध्ये सगळं ऑफिस नव्या पॉलिसींच्या मागे असतं आणि दाव्याच्या टेबलावरचा माणूसही तिकडे ओढला जातो. तुमच्या प्रलंबित फाइलींची यादी फेब्रुवारीतच साहेबांना दाखवून ठेवा. डबा टेबलावर खाऊ नका, बाहेर जा. दिवसाला चार घरांचं दुःख ऐकल्यावर अर्धा तास झाडाखाली बसावं लागतं. मी रोज बसते.

पैसे गेल्यावर

स्क्रीनवर ‘पेड’ आलं म्हणजे काम झालं असं नाही. खातं जुनं असेल तर आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, बदललेला असू शकतो. देना बँक २०१९ साली बँक ऑफ बडोद्यात गेली, २०२० साली अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, आंध्रा बँक युनियन बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरात. आपल्या खेड्यांत जिचे शिक्के घरोघरी आहेत ती विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ ला महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिळाली. जुन्या पासबुकावरचा कोड तसाच उतरवला तर रक्कम फिरून परत येते, एका वेगळ्याच खात्यात जाऊन बसते, आणि त्या घराला कुणी कळवत नाही. कोड फॉर्मवर चढवण्याआधी बँकेच्या यादीत बघा.

आणि रक्कम सोडल्यावर तिसऱ्या दिवशी फोन करा. यादीच्या कागदावर मी बाईचा स्वतःचा नंबर लिहून घेते, दिराचा नाही. नंबर नसेल तर शेजारणीचा. फोन संध्याकाळी सहानंतर करा, त्याआधी ती शेतावर किंवा धुण्याभांड्यावर असते. “पैसे दिसले का खात्यात?” एवढंच विचारा. नाही म्हणाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला माणूस काउंटरवर यायच्या आत, तीच फाइल उघडा.